अथीनेचें वस्त्र कोणीं विणलें?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यावरूनच या वेळच्या लेखास विषय मिळाला. आमचा भाचा युरोपचा प्रवास करून परत आला. खिशांत शिल्लक राहिलेलीं नाणीं त्यानें टेबलावर ओतलीं आणि मुलांनीं तीं आपसांत वांटून घेतलीं. त्यांतलें एक नाणें आमच्या मावशींच्या हातीं आलें. चष्मा सांवरून त्यांनीं तें निरखलें आणि लगेच खालीं ठेवून दिलें. "अरे, यावर घुबड कसलें? पैशावर कोणी असलें पांखरूं काढतें का?" त्यांनीं विचारलें.

तें नाणें ग्रीस देशाचें, एक युरोचें होतें. युरोपांत हीं नाणीं २००२ सालापासून व्यवहारांत आलीं, आणि ग्रीक लोकांनीं आपल्या एक युरोच्या नाण्यावर इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील अथेन्सच्या एका नाण्याचें चित्र जसेंच्या तसें घेतलें. "मावशी, आपल्याकडेहि घुबड लक्ष्मीचें वाहन म्हणतातच कीं," असें मीं म्हणतांच त्या उत्तरल्या, "म्हणतात खरें, पण घराच्या आढ्यावर बसलें तर कोणी आरती ओवाळीत नाहीं. बरें, ही देवी तरी कोण?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं कपाटांतील चित्रांचीं पुस्तकें खालीं निघालीं आणि दुपार त्यांतच गेली. त्या दुपारीं पाहिलेल्या आणि बोललेल्या गोष्टींपैकीं कांहीं वाचकांपुढें मांडतों.

घुबड जिचें, ती देवी अथीना. बुद्धि, हस्तकौशल्य आणि विवेकानें लढलेलें युद्ध यांची ती अधिष्ठात्री, अविवाहित, आणि अथेन्स नगरीची रक्षणकर्ती. तिच्या जन्माची कथा विलक्षण आहे. देवांचा राजा झ्यूस यानें मेटिस नांवाच्या आपल्या गर्भवती पत्नीस गिळून टाकलें. कारण तिला पुढें होणारा पुत्र आपलें राज्य घेईल असें भविष्य त्यानें ऐकलें होतें. पुढें त्याच्या मस्तकांत असह्य वेदना होऊं लागल्या. देवांचा लोहार हेफेस्टस यानें कुऱ्हाडीनें तें मस्तक फोडलें, आणि आंतून अथीना पूर्ण शस्त्रास्त्रांनिशीं बाहेर पडली. जुन्या ग्रीक मृत्पात्रांवर हा प्रसंग पुष्कळ वेळां काढलेला आढळतो. झ्यूस सिंहासनावर बसला आहे, त्याच्या डोक्यांतून बाहुलीएवढी सशस्त्र मुलगी डोकावते आहे, आणि हेफेस्टस कुऱ्हाड घेऊन आपल्याच कृत्यानें घाबरल्यासारखा मागें सरतो आहे. आईच्या कुशीवांचून जन्मलेली ही कन्या पुढें बापाची सर्वांत लाडकी झाली. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होईल.

आतां नाण्यांकडे वळूं. अथेन्सचें चार द्राख्मांचें चांदीचें नाणें वजनानें सतरा ग्रॅमहून थोडें अधिक, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सुमारें दीड तोळा भरे. एका बाजूस शिरस्त्राण घातलेलें अथीनेचें मुख, दुसऱ्या बाजूस घुबड, ऑलिव्ह वृक्षाची डहाळी आणि नगरीच्या नांवाचीं 'अथे' हीं तीन अक्षरें. लोक या नाण्यांना सरळ 'घुबडें'च म्हणत. अथेन्सला घुबडें नेणें, अशी ग्रीकांत एक म्हणच होती. जेथें जें विपुल आहे तेथें तेंच वाहून नेणें, हा तिचा अर्थ.

हें रुपें येई लॉरियनच्या खाणींतून. इ. स. पूर्वीं ४८३ च्या सुमारास तेथें चांदीचा मोठा सांठा लागला. प्रत्येक नागरिकाला दहा द्राख्मा वांटून द्यावे असा बेत चालला होता. थेमिस्टोक्लीज नांवाच्या मुत्सद्द्यानें तो मोडून काढला आणि त्या पैशांतून युद्धनौका बांधावयास लोकांस राजी केलें. तीन वर्षांनीं, इ. स. पूर्वीं ४८० मध्यें, सालामिसच्या सामुद्रधुनींत त्याच नौकांच्या बळावर इराणच्या प्रचंड आरमाराचा पराभव झाला. नाण्यावरील देवीच्या शिरस्त्राणावर पुढें जीं ऑलिव्हचीं पानें दिसूं लागलीं, तीं या विजयाचीं खूण म्हणून आलीं असावीं असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे. पण या वैभवाची दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. त्या खाणींतील अरुंद भुयारांत उतरून खडक फोडण्याचें काम गुलाम करीत. देवीच्या तेजस्वी मुखासाठीं लागणारी चांदी कोणाच्या श्वासांतून निघाली, हें नाणें सांगत नाहीं.

या नाण्यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. देवीचें मुख एका बाजूनें दाखविलेलें असतें, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा, बदामाच्या आकाराचा. ही जुन्या काळची रीत होय. अथेन्सचे शिल्पकार दगडांतून जिवंत वाटावीं अशीं माणसें घडवूं लागले, तरी नाण्यावरील डोळा पुढें कित्येक दशकें तसाच राहिला. कलाकारास येत नव्हतें म्हणून नव्हे, तर व्यापाऱ्याचा विश्वास ढळूं नये म्हणून. इजिप्त आणि सीरियाकडील व्यापारी तें जुनें मुख ओळखत. मुख बदललें तर चांदीहि बदलली असेल, ही शंका त्यांना येणें साहजिकच होतें.

आणि एकदां चांदी खरोखरच बदलली. स्पार्टाशीं चाललेल्या दीर्घ युद्धाच्या अखेरीस खाणींचें काम बंद पडलें. इ. स. पूर्वीं ४०६ च्या सुमारास नगरीनें देवीच्या परिवारांतील विजयदेवतांच्या सोन्याच्या मूर्ति वितळवून नाणीं पाडलीं, आणि पाठोपाठ तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेलीं नाणींहि काढलीं. मुख तेंच, घुबड तेंच, आंतून तांबें. नाटककार ॲरिस्टोफेनीज यानें ४०५ मधील आपल्या एका प्रहसनांत या नाण्यांची सांगड नगरींतील हिणकस पुढाऱ्यांशीं घातली आहे. देवीचें चित्र काढल्यानें आंतला धातु खरा होत नाहीं, हें त्या काळच्या प्रेक्षकांस समजावून सांगावें लागलें नसेल.

हीच अथीना पुढें हिंदुस्थानांतहि आली. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत पंजाब आणि गांधार या प्रदेशांवर राज्य करणारा यवन राजा मिनँडर, म्हणजे पाली ग्रंथांतील नागसेन भिक्षूस प्रश्न विचारणारा मिलिंद, याच्या चांदीच्या नाण्यांवर ती उभी आहे. तिच्या एका हातांत ढाल आणि दुसऱ्यांत फेंकण्याच्या तयारींत असलेलें वज्र. एका बाजूस ग्रीक लिपींत राजाचें नांव, आणि देवीच्या भोंवतीं खरोष्ठी लिपींत प्राकृत भाषेंत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. त्रतर म्हणजे त्राता, रक्षण करणारा. ग्रीक देवीच्या सभोंवार आपल्या देशाची भाषा गुंफलेली पाहून मन क्षणभर थबकतें. अशा दुभाषी नाण्यांच्या आधारेंच १८३० नंतरच्या दशकांत जेम्स प्रिन्सेप आणि इतर संशोधक यांनीं खरोष्ठीचीं अक्षरें उलगडलीं. ग्रीक बाजू वाचतां येत होती. तिच्यावरून दुसरी बाजू हळूहळू बोलूं लागली. इ. स. च्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत मिनँडरचे जुने द्राख्मा भडोच बंदरांत अद्याप चालतात असा उल्लेख आहे. तेव्हां आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांच्या तराजूंतहि अथीना बसून गेली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नाण्यांनंतर मातीचीं भांडीं. अथेन्समध्यें दर चार वर्षांनीं देवीचा मोठा महोत्सव होई, त्यास पॅनाथेनिया म्हणत. त्यांतील शर्यती आणि कुस्त्या जिंकणारास बक्षीस म्हणून देवीच्या ऑलिव्ह वृक्षांच्या तेलानें भरलेले मोठे रांजण मिळत. एका रांजणांत छत्तीस लिटरांहून अधिक तेल राही, आणि रथशर्यतीच्या एका प्रकारांत पहिल्या बक्षिसादाखल १४० रांजण मिळत, असें एका शिलालेखावरून कळतें. प्रत्येक रांजणावर एका बाजूस अथीना भाला उगारून लांब पाऊल टाकीत आहे, बाजूस दोन खांब आणि बहुधा त्यांवर कोंबडे. जवळच 'अथेन्सच्या बक्षिसांपैकीं एक' या अर्थाचे शब्द. दुसऱ्या बाजूस ज्या खेळांत जय मिळाला त्याचें चित्र. यांतील सर्वांत जुन्या रांजणांपैकीं एक, इ. स. पूर्वीं ५६० च्या सुमाराचा, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

येथेंहि नाण्यासारखीच गोष्ट दिसते. इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अथेन्सच्या कुंभारांनीं काळ्या भूमीवर तांबड्या आकृति सोडण्याची नवी पद्धति शोधली आणि जुनी, तांबड्या भूमीवर काळ्या आकृति काढण्याची पद्धति मागें पडली. पण बक्षिसाच्या रांजणांवर ती जुनी पद्धति पुढें शेंकडों वर्षें टिकली. देवकार्यांत मनुष्य नवेपणास भितो. सोंवळें जुनेंच असावें लागतें. मावशींना ही गोष्ट लगेच पटली.

एका भांड्याची हकीकत मात्र निराळी आहे. इटलींत सांपडलेली पाण्याची एक घागर आहे, ती इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. तिच्यावर चित्रकारांचा एक कारखाना काढला आहे. तरुण कारागीर मोठमोठ्या पात्रांवर कुंचल्यानें नक्षी काढीत बसले आहेत. तीं पात्रें मातीचीं कीं धातूचीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. मध्यभागीं अथीना स्वतः आली आहे आणि एका कारागिराच्या मस्तकावर पानांचा मुकुट ठेवीत आहे. दोन पंखवाल्या विजयदेवता इतरांस मुकुट देत आहेत. आणि अगदीं टोंकाला, उंच बैठकीवर, एक स्त्री बसली आहे. तिच्याहि हातांत कुंचला आहे, तीहि एका मोठ्या पात्राचें काम करीत आहे. तिच्या मस्तकावर मुकुट ठेवावयास मात्र कोणीच आलेलें नाहीं. चित्रकारानें हें मुद्दाम केलें कीं त्याच्या डोळ्यांना तें स्वाभाविकच वाटलें, कोण सांगणार? पण तिला त्यानें चित्रांत घेतली, एवढें तरी केलें.

आतां मूर्तिकला. अथीनेची सर्वांत प्रसिद्ध मूर्ति फिडियस या शिल्पकारानें घडविली आणि इ. स. पूर्वीं ४३८ मध्यें ती पार्थेनॉन मंदिरांत स्थापन झाली. उंची सुमारें बारा मीटर, अंग हस्तिदंताचें, वस्त्र आणि आयुधें सोन्याचीं. उजव्या तळहातावर माणसाएवढी विजयदेवता उभी, डाव्या बाजूस ढाल आणि तिच्या आंतल्या अंगास वेटोळें घातलेला सर्प. सोनें चाळीस टॅलंट, म्हणजे एक हजार किलोंहून अधिक होतें, असें इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो. आणि तें काढून ठेवतां येईल असेंच बसविलें होतें. अडचणीच्या वेळीं नगरीनें तें वापरावें व मागाहून परत करावें, असें पेरिक्लीजनें लोकांस सांगितलें होतें. देवीच्या अंगावरील वस्त्र म्हणजे नगरीची शिल्लकच! पुढें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकाच्या आरंभीं लॅकॅरीज नांवाच्या एका जुलमी सत्ताधाऱ्यानें तें सोनें उतरवून घेतलें. मूळ मूर्ति आज कोठेंच नाहीं. १८८० मध्यें अथेन्समध्यें सांपडलेली मीटरभर उंचीची एक रोमन काळांतील संगमरवरी प्रतिकृति आणि प्रवासी पॉसेनियस याचें वर्णन यांवरून आपण तिची कल्पना करतों. अमेरिकेंत नॅशव्हिल येथें पार्थेनॉनच्या पूर्णाकार प्रतिकृतींत १९९० मध्यें या मूर्तीचीहि पूर्णाकार प्रतिकृति उभी करण्यांत आली.

पण या भव्य मूर्तीपेक्षां दोन साधीं शिल्पें मला अधिक प्रिय आहेत. दोन्हीं इ. स. पूर्वीं ४६० च्या सुमाराचीं. पहिलें ऑलिंपिया येथील झ्यूसच्या मंदिरावरचें. हर्क्युलीज आकाशाचा भार खांद्यावर तोलून धरीत आहे, मानेवर उशी ठेवूनहि वांकला आहे; मागें अथीना उभी आहे आणि तिनें केवळ एक हात सहज वर करून त्याला आधार दिला आहे. घरांतील ओझें उचलणाऱ्या पुरुषाच्या पाठीशीं असा एक न बोलणारा हात पुष्कळ वेळां असतो. दुसरें शिल्प अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर सांपडलें. अथीना भाल्यावर भार देऊन, मान खालीं घालून समोरच्या एका दगडी स्तंभाकडे पाहत आहे. तो स्तंभ कसला? रणांत पडलेल्यांच्या नांवांचा कीं केवळ सीमेचा, याचा निर्णय झालेला नाहीं. लोकांनीं तिला 'शोकमग्न अथीना' म्हटलें, आणि पाहणाराच्या मनांतून तें नांव जात नाहीं.

इतकें सारें पाहून झाल्यावर मावशींनीं पुस्तक मिटलें. त्यांनीं आयुष्यभर लोकर विणली आहे, दुपटीं शिवलीं आहेत. त्या म्हणाल्या, "हातकामाची देवी म्हणतोस, तर तिच्या अंगावरचें वस्त्र कोणीं विणलें, तें नाहीं सांगितलेंस."

प्रश्न मर्मावर बसला. कारण सोन्याचें वस्त्र नेसलेली ती मोठी मूर्ति अथेन्सची मुख्य पूजामूर्ति नव्हेच. खरी जुनी देवी ऑलिव्हच्या लांकडाची होती; ती आकाशांतून पडली अशी लोकांची श्रद्धा. महोत्सवांत वस्त्र अर्पण होई तें तिला. या वस्त्रास पेप्लॉस म्हणत. उत्सवाच्या नऊ महिने आधीं मागावर त्याचा ताणा लावला जाई. त्या वेळीं सात ते अकरा वर्षांच्या, चांगल्या कुळांतील निवडक मुली तेथें असत. पुढें थोर घराण्यांतील कुमारिका तें विणून पुरें करीत. केशरी आणि जांभळ्या रंगांत देव आणि राक्षस यांचें युद्ध त्यांत विणलेलें असे. एकदां मॅसिडोनियाच्या अँटिगोनस आणि डिमिट्रियस या राजांस खूष करण्यासाठीं त्यांचीं चित्रेंहि देवांच्या रांगेंत विणण्याचा ठराव झाला. आणि तें वस्त्र मिरवणुकींतून नेतांना वावटळीनें मधोमध फाटलें, अशी हकीकत प्लुटार्कनें दिली आहे.

या वस्त्रांपैकीं एक धागाहि आज उरलेला नाहीं. चांदी उरली, माती उरली, दगड उरला, लोकर गेली. पार्थेनॉनच्या पूर्वेकडील शिल्पपट्टींत हें वस्त्र दाखविलें आहे असें बहुतेक विद्वान मानतात. तो पट्ट ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. पण तेथें वस्त्र घडी घातलेलें आहे, त्यामुळें नक्षी दिसत नाहीं. आणि तें हातीं धरलें आहे एका पुरुषानें व एका बालकानें. तें बालक मुलगा कीं मुलगी, याविषयींहि वाद आहे. विणणारीचे हात चित्रांत नाहींतच.

हें केवळ काळाचें दुर्दैव म्हणून सोडून देतां येईल का? रोमन पंडित व्हॅरो यानें सांगितलेली एक कथा संत ऑगस्टिन याच्या ग्रंथांत आली आहे. अथेन्स नगरी कोणाची, अथीनेची कीं समुद्रदेव पोसायडनची, असा वाद पडला. हाच वाद पार्थेनॉनच्या पश्चिमेकडील शिल्पांत कोरलेला होता. राजानें मतें घेतलीं. त्या काळीं स्त्रियाहि मत देत. पुरुषांनीं समुद्रदेवास मतें दिलीं, स्त्रियांनीं देवीस. स्त्रिया एकीनें अधिक होत्या, म्हणून देवी जिंकली. समुद्रदेव कोपला. त्याला शांत करण्यासाठीं स्त्रियांस तीन शिक्षा झाल्या: पुढें त्यांना मत नसावें, मुलांस आईचें नांव लागूं नये, आणि कोणी त्यांना अथेनी म्हणूं नये. कथा कथाच आहे. पण जी रूढि होती तिचें समर्थन करण्यासाठीं ती रचली गेली, हें उघड आहे. आईवांचून जन्मलेल्या देवीच्या नगरींत आयांचीं नांवें पुसलीं गेलीं. ज्यांच्या मतानें ती जिंकली, त्यांच्या वांट्यास पराभव आला. ग्रीसमध्यें स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें मताचा पूर्ण अधिकार मिळावयास १९५२ साल उजाडावें लागलें.

तरीहि सारें पुसलें गेलें नाहीं. देवीची मुख्य पुजारीण स्त्रीच असे. लायसिमाकी नांवाच्या एका पुजारिणीनें चौसष्ट वर्षें देवीची सेवा केली, अशी नोंद आहे. आणि इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे कांहीं शिलालेख सांपडले आहेत. त्यांत देवीच्या वस्त्राची लोकर ज्यांनीं सिद्ध केली, त्या कुमारिकांचे नगरसभेनें आभार मानले आहेत आणि त्यांचीं नांवें बापांच्या नांवांसह दगडावर कोरलीं आहेत. वस्त्र गेलें, पण यादी राहिली.

मावशी हें ऐकून कांहीं बोलल्या नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं आपली जुनी ट्रंक उघडली, आंतून एक विरलेलें दुपटें काढलें, आणि माझ्या मुलीला जवळ बसवून म्हणाल्या, "हें माझ्या आजीच्या हातचें. लिहून ठेव तिचें नांव. माझ्यामागें तें कोणाला ठाऊक नसेल."

वाचकहो, आपल्याहि घरांत अशी एखादी ट्रंक असेल. वस्त्र किती दिवस टिकेल हें आपल्या हातीं नाहीं. नांव विचारून ठेवणें आपल्या हातीं आहे. घुबडाचें तें नाणें मात्र मावशींनीं अखेर स्वतःजवळच ठेवून घेतलें.